कड्यावरून लोटलेले पाणी

दर उन्हाळ्यात महाराष्ट्राच्या सत्ताधाऱ्यांना समुद्राची आठवण होते. मराठवाड्यातील टँकरचा आकडा वाढू लागला, माणदेशात चारा छावण्यांची मागणी सुरू झाली, की कोणी तरी मंत्री एखाद्या पाणी परिषदेच्या व्यासपीठावरून गर्जना करतो : कोकणातून समुद्राला वाया जाणारे पाणी अडवू, ते सह्याद्रीच्या माथ्यावर चढवू आणि पूर्वेकडे वळवून दुष्काळ कायमचा हद्दपार करू. टाळ्या पडतात. दुसऱ्या दिवशीच्या वृत्तपत्रांत त्या मंत्र्याला आधुनिक भगीरथाची उपमाही मिळते. गेली शंभर वर्षे याच सह्याद्रीच्या माथ्यावरचे, निसर्गतः पूर्वेकडे वाहणारे पाणी रीतसर करार करून कड्यावरून पश्चिमेला लोटले जात आहे, ही गोष्ट मात्र त्या व्यासपीठावर कोणाला आठवत नाही. आठवली तर अडचणीची ठरेल. समुद्राला जाणारे पाणी वर आणावयाचे असेल, तर वरचे पाणी समुद्राकडे सोडण्याचा अधिकार कोणी, कोणाला आणि कोणत्या अटींवर दिला, हे आधी सांगावे लागेल.

या प्रश्नाचे मूळ सह्याद्रीच्या घडणीत आहे. सह्याद्रीला डोंगररांग समजण्याची सवय आहे, पण ती कोकणातून वर पाहणाऱ्याची सवय आहे. पुण्याहून लोणावळ्याला जाणाऱ्या प्रवाशाने स्वतःचा अनुभव तपासून पाहावा. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवर आहे, लोणावळा ६२० मीटरच्या आसपास. पासष्ट किलोमीटरच्या वाटेत चढ असा जवळजवळ नाहीच. पण लोणावळा सोडून बोरघाटात उतरले, की काही किलोमीटरांत पाचशे मीटरांहून अधिक उंची पायाखालून निघून जाते आणि खोपोली येते. भूशास्त्राच्या दृष्टीने सह्याद्री म्हणजे दख्खनच्या पठाराची पश्चिमेकडची तुटलेली कड आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थर एकावर एक पसरले आणि भाकऱ्यांची चवड रचावी तसे हे पठार रचले गेले. पुढे पश्चिमेकडचा भूभाग तुटून दूर गेला, आणि तुटलेल्या काठाला पाऊस आणि कोकणातल्या नद्या कोरत मागे सारत राहिल्या. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर उभे राहिले म्हणजे त्या चवडीचे थर आजही उघडे दिसतात.

महाराष्ट्राच्या पाण्याची पहिली वाटणी या कड्याने केली. अरबी समुद्रावरून येणारे ढग कड्याला अडतात, वर चढतात, थंड होतात आणि घाटमाथ्यावर रिते होतात. पलीकडे उतरणारा वारा कोरडा असतो. एकट्या सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला वर्षाकाठी सहा हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि शंभर-सव्वाशे किलोमीटरांवरील दहिवडीला पाचशे मिलिमीटरचीही खात्री नसते. एकाच जिल्हाधिकाऱ्याच्या अंमलाखाली अतिवृष्टी आणि अवर्षण एकत्र नांदतात. तरीही निसर्गाने पूर्वेवर निव्वळ अन्याय केला असे म्हणता येणार नाही. पठाराचा उतार पूर्वेकडे असल्यामुळे घाटमाथ्यावर पडणाऱ्या या पावसातील मोठा हिस्सा पूर्वेकडे वाहणाऱ्या नद्यांना मिळतो. त्र्यंबकेश्वरपासून समुद्र पश्चिमेला अवघ्या ऐंशी किलोमीटरांवर आहे, पण गोदावरी त्याच्याकडे पाठ फिरवते आणि १,४६५ किलोमीटरांचा प्रवास करून बंगालच्या उपसागराला मिळते. भीमा आणि कृष्णा तशाच. पर्जन्यछायेतील कोरड्या मुलखाला ढगांतून जे मिळत नाही, ते नद्यांमधून पोचविण्याची ही व्यवस्था आहे. मंगळवेढ्याच्या शेतकऱ्याच्या नदीत मावळातला पाऊस वाहतो, तो या उतारामुळे.

कड्याच्या पायथ्याशी निराळीच कथा आहे. कोकणात तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि फाल्गुन-चैत्रात वाडीवाडीवर हंड्यांच्या रांगा लागतात. मुंबईच्या सुशिक्षिताला हे कोडे वाटते आणि तो त्याचे खापर कोकणी माणसाच्या आळसावर फोडून मोकळा होतो. खरे कारण पायाखालच्या कातळात आहे. काळ्या पाषाणाच्या घट्ट थरांत पाणी मुरावयास जागा थोडी. जे मुरते ते भेगांमध्ये आणि झिजलेल्या थरांत. किनाऱ्याकडच्या सड्यांवरचा जांभा सच्छिद्र खरा, पण तो पाणी धरून ठेवत नाही, झऱ्यांवाटे थोड्याच महिन्यांत सोडून देतो. कड्यावरून उतरणाऱ्या नद्या आखूड आणि तीव्र उताराच्या. बहुतेकींची लांबी दीडशे किलोमीटरही भरत नाही. सकाळी घाटात कोसळलेला पाऊस रात्रीपर्यंत खाडीत पोचलेला असतो. तेव्हा कोकणात ‘जादा पाणी’ आहे हे विधान चार महिन्यांपुरते खरे आणि आठ महिन्यांपुरते क्रूर आहे. शहापूर तालुक्याची कहाणी तर सर्वश्रुत आहे. १८९२ सालच्या तानसा तलावापासून मोडकसागर, भातसा अशी मुंबईची तहान भागविणारी धरणे त्या परिसरात उभी राहिली, आणि त्याच तालुक्यातील आदिवासी पाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. मुंबईचे नळ पाड्यांच्या शेजारून जातात. पाड्यांत शिरत नाहीत.

कडा असा दोन्ही बाजूंना पाणी वाटत असताना त्याच्या उंचीला किंमत आहे, हे विसाव्या शतकाच्या आरंभी भांडवलाने ओळखले. घाटावर टोलनाका बसविण्याची कल्पना काही नवी नव्हती. नाणेघाटातला दगडी रांजण लोक आजही सातवाहनांच्या जकातीचा म्हणून दाखवितात. पण सातवाहनांनी जकात मालावर घेतली असेल. टाटांच्या वीज कंपन्यांनी ती पाण्यावर घेतली. इंद्रायणीच्या उगमाजवळ आणि आसपास लोणावळा, वळवण, शिरवटा येथे पाणी साठवून ते मोठ्या नळांतून कड्याखाली सोडण्यात आले, आणि १९१५ साली खोपोलीच्या वीजगृहातून मुंबईच्या गिरण्यांना वीज मिळू लागली. १९२२ मध्ये आंध्रा नदीचे पाणी भिवपुरीला उतरले, १९२७ मध्ये मुळेचे पाणी भिऱ्याला. तिन्ही ठिकाणी युक्ती एकच. नदी पूर्वेकडे निघाली आहे, तिला उगमापाशीच अडवावयाचे, कड्याला भोक पाडावयाचे आणि पाचशे मीटर खाली टाकावयाचे. देहू-आळंदीच्या वाटेने भीमेला मिळणारे पाणी असे पाताळगंगेच्या आणि उल्हासच्या खोऱ्यात गेले. त्याची विचारपूस खालच्या गावांपाशी करावी, असे परक्या सरकारला वाटण्याचे कारणच नव्हते.

विचारपूस झाली नाही, पण जाब विचारला गेला. मुळशी पेट्यातील सुमारे पन्नास गावांच्या भातजमिनी बुडणार हे कळले, तेव्हा १९२१ च्या रामनवमीला मावळ्यांनी सत्याग्रह आरंभिला. विनायकराव भुस्कुटे आणि सेनापती बापट त्यांच्या पाठीशी उभे राहिले. एका खासगी कंपनीसाठी सरकारने १८९४ चा भूसंपादन कायदा वापरावा आणि त्याला ‘सार्वजनिक हित’ म्हणावे, यातली लबाडी त्या अडाणी समजल्या गेलेल्या मावळ्यांनी तेव्हाच ओळखली होती. लढा १९२४ पर्यंत चालला आणि हरला. तो का हरला, याचा विचार करताना एक अप्रिय बाब टाळता येत नाही. मुळशीच्या पुष्कळ जमिनी पुण्याच्या सावकारांच्या नावावर होत्या. नुकसानभरपाई पदरात पडते असे दिसताच त्यांचा विरोध मावळला. जमीन ज्याच्या नावावर त्याला रक्कम मिळाली आणि जमीन जो कसत होता त्याला जलसमाधी. पाण्याच्या प्रश्नात मालक आणि कसणारा हा भेद विसरणाऱ्यांची पुढे काय फसगत होते, त्याची ही पहिली नोंद होय.

स्वराज्य आल्यावर हा हिशेब बदलावयास हवा होता. बदलले इतकेच, की कंपनीच्या जागी शासन आले. कोयना महाबळेश्वरी उगम पावते आणि पासष्टएक किलोमीटर कड्याला समांतर दक्षिणेकडे वाहत हेळवाकला येते. तेथे ती पूर्वेकडे वळून कऱ्हाडला कृष्णेस मिळते. त्या साऱ्या वाटेत तिच्या आणि कोकणाच्या मध्ये डोंगराची जाड भिंत तेवढी आहे. ती भिंत पोखरून पाणी पोफळीला उतरविण्यात आले आणि वापरलेले पाणी वाशिष्ठीला मिळाले. धरण १९६४ मध्ये पूर्ण झाले. पुढे चार टप्प्यांत प्रकल्पाची क्षमता १,९६० मेगावॉटपर्यंत गेली. ही वीज सार्वजनिक मालकीची आहे आणि तिने महाराष्ट्राची औद्योगिक प्रगती घडविली, हे नाकारण्याचे कारण नाही. पण सार्वजनिक मालकी म्हटल्याने सर्व प्रश्न मिटत नाहीत. पुनर्वसनाचा कायदा राज्यात १९७६ साली झाला. शिवसागर त्याच्या कितीतरी आधी भरला होता. ज्यांच्या घरांवर तो भरला, त्यांच्या नातवंडांनाही जमिनीसाठी जिल्हाधिकारी कचेरीसमोर ठाण मांडून बसावे लागले आहे.

आता आकडे. कृष्णा पाणीतंट्याच्या बच्छावत लवादाने १९७६ च्या अंतिम निवाड्याने महाराष्ट्राला ५६० टीएमसी, म्हणजे ५६० अब्ज घनफूट, पाणी दिले. त्यातच कोयनेतून पश्चिमेला वळवावयाचे ६७.५ टीएमसी आणि टाटांच्या धरणांतून वळविले जाणारे सरासरी ४२ टीएमसीच्या घरातले पाणी धरलेले आहे. दोन्ही मिळून ११० टीएमसीच्या आसपास होतात. कृष्णा खोऱ्यातील महाराष्ट्राच्या वाट्याचा जवळजवळ पाचवा हिस्सा कृष्णा खोऱ्याबाहेर जातो. भीमेवरील उजनी धरण काठोकाठ भरले, तर त्यात सुमारे ११७ टीएमसी पाणी मावते. उन्हाळ्यात उजनीचा साठा ‘उणे’ झाला की सोलापूरकर हवालदिल होतात. आणि दरवर्षी जवळजवळ एक उजनी कड्यावरून खाली ओतली जाते.

यावर ठरलेले उत्तर येते, की हे पाणी खाली वाया जात नाही. ते काही अंशी खरे आहे आणि ते मान्य केलेच पाहिजे. भिवपुरीचे पाणी उल्हास नदीतून बदलापूर-कल्याणच्या पट्ट्याला प्यावयास मिळते, भिऱ्याचे पाणी कुंडलिकेतून रोह्याच्या कारखान्यांना. हे पाणी उद्या सकाळी बंद करा, अशी मागणी कोणीही शहाणा माणूस करणार नाही. पण वाशिष्ठीत पडणाऱ्या कोयनेच्या पाण्याचा बहुतांश भाग दाभोळच्या खाडीत जातो, हे उघड्या डोळ्यांनी दिसते. आणि खालच्या शहरांची तहान हे कारण आज पुढे करणाऱ्यांनी करार करताना ते पुढे केले नव्हते. तेव्हा गिरण्या होत्या. गिरण्या गेल्या, पाण्याची वाट मात्र तीच राहिली.

याच पार्श्वभूमीवर खालचे पाणी वर चढविण्याच्या योजना वाचाव्यात. नार-पार-गिरणा जोडप्रकल्पाला २०२४ मध्ये मंत्रिमंडळाची मंजुरी मिळाली. उल्हास आणि वैतरणा खोऱ्यांतले पाणी उपसून गोदावरीत टाकण्याचे आराखडेही तयार आहेत. म्हणजे भिवपुरीला वरचे पाणी खाली सोडून ज्या उल्हास नदीत मिळविले, त्या उल्हासच्या खोऱ्यातूनच ‘जादा पाणी’ वर ओढावयाचे! शाळेच्या पुस्तकातला हिशेब करून पाहावा. एक टीएमसी म्हणजे २,८३१ कोटी लिटर. तेवढे पाणी पाचशे मीटर खाली सोडले तर फार तर साडेतीन कोटी युनिट वीज हाती लागते. तेवढेच पाणी पाचशे मीटर वर चढवावयास पावणेपाच कोटी युनिटांच्या आसपास लागतात. धरणांचा, बोगद्यांचा, पंपगृहांचा खर्च वेगळाच. वीज बिलाचा प्रश्न निघाला की मग शेतकऱ्याला सवलत द्यावी लागते, योजना थकबाकीत जाते आणि पंप बंद पडतात. कृष्णाकाठच्या उपसा योजनांनी हे नाटक पुरेसे दाखविले आहे. यात निश्चित फायदा एकाच वर्गाचा होतो. पाणी खाली उतरविताना कंत्राट असते, वर चढविताना दुसरे कंत्राट असते. एका सरकारच्या एकाच मंत्रालयात पाणी एका दाराने बाहेर टाकण्याची आणि दुसऱ्या दाराने आत ओढण्याची नस्ती शेजारी शेजारी पडलेल्या असाव्यात आणि कोणाही सचिवाला त्यांत विसंगती दिसू नये, याला केवळ प्रशासकीय गलथानपणा म्हणणे भोळेपणाचे होईल.

दुसरे उत्तर अधिक वजनदार आहे. संध्याकाळी विजेची मागणी एकाएकी वाढते, तेव्हा औष्णिक संच उपयोगी पडत नाहीत, जलविद्युतच लागते. म्हणून कोयना आणि टाटांची वीजगृहे अपरिहार्य आहेत. पन्नास वर्षांपूर्वी या युक्तिवादाला उत्तर देणे कठीण होते. आज ते शासनाच्याच दप्तरात आहे. अकोले तालुक्यातील घाटघरला वर एक आणि कड्याच्या पायथ्याशी चोंढ्याला एक असे दोन जलाशय बांधून २५० मेगावॉटचा उदंचन प्रकल्प २००८ पासून चालू आहे. मागणी असेल तेव्हा पाणी खाली सोडावयाचे, वीज मुबलक असेल तेव्हा तेच पाणी वर घ्यावयाचे. दिवसा सौर वीज उपलब्ध होऊ लागल्यापासून तर या पद्धतीला नवेच महत्त्व आले आहे. वीज या व्यवहारात थोडी खर्ची पडते, पण पाणी खोऱ्यातच राहते. कड्याची उंची वापरावयाची तर नदी गमावलीच पाहिजे, हा शंभर वर्षांचा समज घाटघरने खोटा ठरविला आहे.

पण पाणी पूर्वेला राहिले म्हणजे न्याय झाला, असे समजणाऱ्या पश्चिम महाराष्ट्रातील पुढाऱ्यांनाही दोन शब्द ऐकविले पाहिजेत. टाटांचे पाणी उजनीला द्या, ही मागणी तेही करतात, आणि ती करताना त्यांच्या डोळ्यांसमोर सांगोला-मंगळवेढ्याची कोरडवाहू जमीन असते की साखर कारखान्याचे गाळप, हे सांगण्यास ज्योतिषी नको. उजनीचे जे पाणी आज आहे, ते कोण पितो? ऊस पितो. कालव्याच्या तोंडाशी ज्याची जमीन त्याचे पाणी, शेपटाकडच्याला कोरडी चारी आणि भूमिहीनाला काहीच नाही. याच व्यवस्थेत आणखी चाळीस टीएमसी ओतले तर आणखी काही कारखान्यांची धुरांडी उभी राहतील. मुळशीच्या सावकाराचाच हा नवा अवतार. फरक इतकाच की तो आता सहकाराची टोपी घालतो.

वाटपाचा दुसरा मार्ग महाराष्ट्राने पाहिलेला आहे. १९७२ च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यात नायगावला विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायतीचा प्रयोग केला. तेथे पाणी जमिनीच्या प्रमाणात दिले गेले नाही, माणशी दिले गेले. माणशी अर्धा एकर भिजेल एवढे, आणि एका कुटुंबाला अडीच एकरांहून अधिक नाही. भूमिहीनाचा हक्क मान्य झाला, जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जात नसे आणि उसाला मनाई होती. ऐंशीच्या दशकात सांगली जिल्ह्यात खानापूर तालुक्यातील गावकऱ्यांनी येरळेवर बळीराजा धरण बांधले, तेव्हाही सर्वांना समान पाणी हेच सूत्र होते. हे प्रयोग लहान होते म्हणून त्यांची कौतुके झाली. कौतुक करणाऱ्या एकाही सरकारने ते सूत्र मोठ्या धरणाच्या लाभक्षेत्राला लावले नाही. कोकणातील वाड्यांच्या तहानेलाही हेच सूत्र लावावे लागेल. धरणाच्या भिंतीशेजारच्या पाड्याचा पहिला हंडा भरल्याशिवाय मुंबईच्या नळाला पाणी सोडावयाचे नाही, असे लिहून घ्यावे लागेल.

हे सारे आजच बोलण्याचे कारण आहे. कड्याच्या उंचीचा लिलाव पुन्हा सुरू झाला आहे. २०२३ पासून राज्य शासनाने उदंचन प्रकल्पांसाठी कंपन्यांशी सामंजस्य करार करण्याचा सपाटा लावला आहे. भिवपुरी आणि शिरवट्याच्या जागाही त्यात आहेत, आणि करार पुन्हा टाटांशीच झाला आहे. म्हणजे ज्या ठिकाणी शंभर वर्षांपूर्वी पाणी गेले, नेमक्या त्याच ठिकाणी वाटाघाटीचे टेबल मांडले गेले आहे आणि शासनाच्या हातात देण्यासारखे पुष्कळ आहे. त्या बदल्यात मागावयाचे काय? नवे जलाशय हवे असतील तर जुनी पश्चिमेकडची वळवणूक टप्प्याटप्प्याने कमी करण्याचे वेळापत्रक करारात लिहिले गेले पाहिजे. कल्याण-बदलापूरच्या पिण्याच्या पाण्याची पर्यायी सोय त्याच वेळापत्रकात हवी. कड्यालगतच्या ठाकर, कातकरी, महादेव कोळी आणि धनगर वस्त्यांच्या ग्रामसभांसमोर कराराचा मसुदा मराठीत वाचला गेला पाहिजे, कारण जलाशयासाठी जागा त्यांच्याच पायाखालची जाणार आहे. आणि वाचलेले पाणी भीमा खोऱ्यात माणशी वाटले जाईल, हे जलसंपदा खात्याने आधी जाहीर केले पाहिजे. असे करार मंत्रालयात समारंभाने होतात आणि वृत्तपत्रांत त्यांची गुंतवणूक व मेगावॉट छापून येतात. किती टीएमसी आणि कोणाचे, हा रकाना अजून कोणी छापलेला नाही.